नव्या बैलास धीर द्या

नेकनूर वा हिरापूरच्या बाजारांतून आणलेला बैल घरीं येतांच वैरणीस तोंड लावीत नाहीं, दाव्यास हिसके देतो. तेव्हां ‘खोडीचा निघाला’ म्हणून त्याच्या पाठीवर आसूड उडतो. आमच्या मतें ती खोड नव्हे, भय होय. गोठा, सोबती व ओळखीची हांक एका दिवसांत सुटलेल्या मुक्या जनावरास भय वाटावयाचेंच. आणि भयावर आसूड हें औषध नव्हे.

त्यास शांत, सावलीच्या जागीं बांधावें. विकणारास विचारून पूर्वीचीच वैरण चालू ठेवावी व आपली हळूहळू मिसळावी. एकदम पालट केल्यास पोट फुगतें. बैलास थेट पाठीमागचें दिसत नाहीं, म्हणून आवाज देत बाजूनें जवळ जावें. वैरण घालणारा माणूस एकच असावा. दोन-तीन आठवडे त्यास इतर गुरांपासून निराळा ठेवावा. २०२२ सालच्या लंपीच्या सांथीनें हा धडा सर्वांस दिलाच आहे.

ऊसतोडीस गाडी न्यावयाची असल्यास बैल दसऱ्याच्या तोंडावर न घेतां महिनाभर आधीं घ्यावा. भ्यालेला बैल घाईनें जुंपला तर शिवळा मोडतात, माणूसही दुखावतो. रुळलेला बैल नुसत्या हांकेनें चालतो. किंमत मोजतांना जो हात आंखडला नाहीं, त्यानें धीर देतांना कां आंखडावें?