टाकी किती भरली, हे कोण मोजणार?

यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याला मापाचे महत्त्व शिकविण्याची गरज नाही. कापूस काट्यावर चढला की त्याची नजर काट्यावरच खिळते. वर्षभराच्या श्रमाचे मोल तेथे ठरते आणि माप दुसऱ्याच्या हाती असले म्हणजे काय होते, हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. परंतु याच शेतकऱ्याच्या अंगणात सरकारी अनुदानातून उभ्या राहिलेल्या गोबरगॅसच्या टाकीत आज वायू किती आहे, असे विचारले तर त्याचे उत्तर बहुधा त्याच्याजवळ नसते. आणि अनुदान देणाऱ्या कचेरीजवळ तर नसतेच.

१९८१-८२ मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला. त्यानंतर योजनांची नावे बदलली, अनुदानाचे दर बदलले. मोजण्याची रीत मात्र बदलली नाही. संयंत्र किती घनमीटरचे आणि लाभार्थी कोणत्या प्रवर्गातील, यावर अनुदान ठरते आणि बांधलेल्या संयंत्रांच्या संख्येवर उद्दिष्टपूर्ती. देशात अशी सुमारे ५० लाख संयंत्रे बांधली गेल्याचा हिशेब सरकारदरबारी आहे. ती चालतात की नाही, याच्या नमुना पाहण्याही अधूनमधून होतात. पण ‘दोन घनमीटर’ हा आकडा संयंत्राच्या क्षमतेचा आहे. रोज ५० किलो शेण आणि तितकेच पाणी पडले, तर दिवसाकाठी जो वायू मिळू शकेल, त्याचा तो आकडा. कणगीची लांबी-रुंदी सांगितल्याने आत जोंधळा किती आहे, हे कळत नाही.

आणि प्रश्न लहानसहान नाही. दोन घनमीटरचे संयंत्र पूर्ण क्षमतेने चालले, तर सोळा-सतरा दिवसांत ते एका घरगुती सिलिंडरइतके काम करते. ते अर्ध्याच क्षमतेने चालले, तर उरलेला स्वयंपाक पऱ्हाट्यांवर आणि तुराट्यांवर होतो. त्याचा धूर सरकारी तक्त्यात कोठेच दिसत नाही. तो त्या घरच्या बाईच्या छातीत साठतो.

वास्तविक वायू मोजणे ही काही अगम्य विद्या नव्हे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ साली मैल्यापासून मिळविलेला वायू दिव्यांसाठी वापरला गेला होता. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या पोलादी टाकीचे संयंत्र सिद्ध केले आणि १९६० च्या दशकाच्या आरंभी खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते खेड्यापाड्यांत नेले. या टाकीचा मोठा गुण असा की ती आपले माप स्वतःच सांगते. वायू साठला की ती वर उचलली जाते, वापरला की खाली बसते. टाकीचे वजन ठरलेले असल्यामुळे आतला दाबही जवळजवळ स्थिर राहतो. म्हणून टाकी किती उचलली गेली हे मोजून तिच्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाने गुणले की वायूचे घनफळ मिळते.

सव्वा मीटर व्यासाची टाकी घ्यावी. ती दहा सेंटीमीटर वर आली, तर सुमारे १२० लिटर वायू साठला. एक वीत वर आली, तर सुमारे २७० लिटर. गोबरगॅसच्या सर्वसाधारण शेगडीला तासाला ४५० लिटरच्या आसपास वायू लागतो. म्हणजे वीतभर टाकी म्हणजे अर्ध्या तासाहून थोडा अधिक जाळ. टाकीवर रंगाच्या रेघा ओढल्या, तर शाळेची पायरी न चढलेली बाईही दारातून पाहून सांगेल की भाकरी होतील, पण डाळ शिजायची नाही. एक दक्षता मात्र हवी. वायू उष्णतेने फुगतो. पहाटे २५ अंशांवर असलेला वायू दुपारी ४५ अंशांवर गेला, तर त्यात कणाचीही भर न पडता तो निदान सात टक्के अधिक जागा व्यापतो. वैशाखातल्या दुपारची टाकी पाहून आनंद मानण्यात अर्थ नाही. माप रोज एकाच वेळी, शक्यतो पहाटे घ्यावे.

पोलादी टाकी महाग. तिला गंज चढतो, दरसाल रंग द्यावा लागतो. म्हणून पक्क्या घुमटाची संयंत्रे आली. १९८४ मध्ये पुढे आलेले ‘दीनबंधू’ त्यांतलेच. खर्च कमी झाला हे खरे. पण त्याबरोबर डोळ्यांना दिसणारे माप जमिनीखाली गेले आणि ते परत वर आणण्याची तसदी फारशी कोणी घेतली नाही. घुमटात साठणारा वायू शेणकाल्याला खाली दाबतो आणि दाबला गेलेला काला बाहेरच्या कुंडात वर चढतो. त्या कुंडाच्या भिंतीवर खुणा केल्या, तर काला जितका चढला तितका वापरण्याजोगा वायू आत आहे, असा ढोबळ पण पुरेसा हिशेब लागतो. खर्च म्हटला तर रंगाचा एक डबा.

शेगडी पेटली की कळतेच, मोजायचे कशाला, असा आक्षेप घेतला जाईल. पण शेगडी विझल्यावर कळते ते एवढेच की वायू संपला; तो का संपला हे कळत नाही. शेण कमी पडले, उन्हाळ्यात पाण्याची ओढ होती, थंडीने कुजणे मंदावले, की घुमटालाच तडा गेला? यवतमाळच्या काळ्या मातीत हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यातील बांधकामाला ताण देते. रोजचे शेण ठरलेले असताना कुंडातली पातळी दिवसेंदिवस कमी चढू लागली, तर गळतीचा संशय वेळीच येतो. नोंद नसेल तर दोष ठरलेलाच असतो: बाईने शेण नीट कालवले नाही. ज्याच्याजवळ माप नाही, त्याच्या माथी दोष येतो, हा व्यवहाराचा जुनाच नियम आहे.

चार-पाच जनावरे ज्याच्या दावणीला आहेत, त्याचीच ही गोष्ट झाली. झरी जामणी, मारेगाव, केळापूर भागातील कोलामांना आणि जिल्हाभरच्या भूमिहीन मजुरांना गोबरगॅस कोठून परवडणार? त्यांच्या वाट्याला सिलिंडर आला. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर तो झोपडीपर्यंत पोहोचला. तेथे तर माप आणखीच दडलेले. सिलिंडरात वायू द्रवरूपाने असतो आणि द्रवाचा थेंब शिल्लक असेतोवर आतला दाब जवळपास तोच राहतो. म्हणून ज्योत पाहून काही कळत नाही. वजन हेच एक माप. आत १४.२ किलो वायू हवा, रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच कोरलेले असते आणि घरी आलेला सिलिंडर वजन करून मागण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. मजुरीचे कित्येक दिवस देऊन तो भरून घेणाऱ्या बाईला हा अधिकार कोणी सांगितला?

मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक संयंत्रावर मापाच्या खुणा असल्याखेरीज अनुदानाचा अखेरचा हप्ता देऊ नये. वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात, टाकीतील वायूची नोंद गावकऱ्यांदेखत व्हावी आणि ती ग्रामसभेत वाचली जावी. सिलिंडर पोहोचविणाऱ्या प्रत्येक गाडीत काटा असावा आणि तो न मागता पुढे यावा. पण सरकार हे करील, म्हणून वाट पाहत बसण्याचे कारण नाही. मोजपट्टी, रंगाचा डबा आणि वजनकाटा घेऊन एक कार्यकर्ता एका दिवसात एक वस्ती फिरू शकतो. कापसाच्या काट्यावर नजर ठेवायला शेतकऱ्याला कोणी शिकविले नव्हते. तो फसवणुकीतून शिकला. चुलीपुढच्या बाईलाही त्याच वाटेने शिकायला लावणे, ही चळवळीला शोभणारी गोष्ट नव्हे.