ताटात काय आहे ते विचारा, हात कोणाचा ते नको

कात्रज-कोंढवा भागात वाढलेल्या आपल्या पिढीचं बाहेरचं जेवण बदललं आहे. आई-वडिलांच्या काळात बाहेर जेवायचं म्हणजे कॅम्पातली बिर्याणी, नाहीतर रमजानच्या रात्री मोमिनपुऱ्याचा फेरफटका. चायनीज म्हणजे कोपऱ्यावरची गाडी आणि तिच्यावरचं लालभडक मंचुरियन. आता हातात नोकरी आहे, ऑफिसची टीम आहे आणि कुणाच्या तरी प्रमोशनची पार्टी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोरेगाव पार्क किंवा बालेवाडीच्या एखाद्या महागड्या डिमसम रेस्तराँमध्ये ठरते. बांबूच्या टोपलीत तीन-चार वाफाळते नग येतात, बिल पाहून डोळे पांढरे होतात, तरी मजा येते. यात लाजण्यासारखं काही नाही. स्वतःच्या कमाईतून, उधळपट्टी न करता, चार मित्रांबरोबर चांगलंचुंगलं खाणं हा शहरात राहण्याचा एक आनंद आहे.

अडचण येते ती ऑर्डर देताना. मेन्यूकार्ड फिरत असतं आणि आपल्यातला एखादा हळूच म्हणतो, "आज पोट बरं नाही, मी व्हेजच घेतो." त्याच टेबलावरचा दुसरा सहकारी वेटरला मोठ्याने विचारतो, "जैन मिळेल ना? कांदा-लसूण नको." वेटर हसून हो म्हणतो, कुणी मानही वर करत नाही. दोघांनाही आपापला आहार पाळायचा आहे. एकजण तो सरळ सांगतो, दुसरा पोटदुखीचं कारण पुढे करतो.

हा संकोच आपोआप आलेला नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये उत्तर प्रदेश सरकारने निर्यातीचा माल वगळून हलाल प्रमाणित उत्पादनांवर बंदी घातली. मार्च 2025 मध्ये आपल्याच राज्यात एका मंत्र्यांनी झटका मटणासाठी 'मल्हार' प्रमाणपत्राची घोषणा केली. 'हलाल' हा आहाराचा शब्द टीव्हीवरच्या भांडणाचा शब्द झाला. मग पार्टीत तो उच्चारला तर वाद होईल, वातावरण बिघडेल, असं वाटणं स्वाभाविक आहे.

तरीही माझं म्हणणं आहे, विचारा. मोकळेपणाने, एका वाक्यात आणि हसून विचारा. आपण गप्प बसलो की तो शब्द भांडणाऱ्यांच्याच तोंडी उरतो. ज्या सहकाऱ्याने आयुष्यात एकदाही मित्राच्या तोंडून तो साधेपणाने ऐकला नाही, त्याला त्याचा अर्थ टीव्हीच सांगणार.

डिमसमच्या बाबतीत तर विचारण्याला व्यवहाराचंही कारण आहे. हा प्रकार मूळचा दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग भागातला, चहाबरोबर थोडं थोडं खाण्याचा. तिथे सिऊ मायच्या सारणात परंपरेने डुकराचं मांस आणि कोळंबी एकत्र असते. चार सिऊ बाओ या गुबगुबीत पावात तर तेच मांस असतं. पिठात किंवा सारणात डुकराची चरबी वापरण्याची पद्धत आहे. मांस मुरवताना शाओशिंग नावाची तांदळाची वाइन घालतात. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी चिकन आणि कोळंबीचे प्रकार मिळतात, पण टोपलीकडे नुसतं बघून आत काय आहे ते कळत नाही.

कायदाही इथे पुरता मदतीला येत नाही. 2020 च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार मोठ्या साखळी रेस्तराँना पदार्थातल्या ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. त्या यादीत गहू, सोया, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे आहेत. डुकराची चरबी आणि स्वयंपाकातली वाइन त्या यादीत नाही. मांसाहाराची खूण फक्त मांसाहार आहे एवढंच सांगते, कोणता ते सांगत नाही. म्हणून प्रश्न आपल्यालाच विचारावे लागतात: यात पोर्क किंवा लार्ड आहे का? सॉसमध्ये वाइन आहे का? दोन्हींसाठी टोपल्या वेगळ्या वापरता का? चिकन-मटण हलाल पुरवठादाराकडून येतं का? उत्तर समाधानकारक नसेल तर भाज्यांचे, मशरूमचे, कोळंबीचे डिमसम असतातच, फक्त चरबी आणि वाइनचा प्रश्न तिथेही विचारायचा. कोळंबीचं म्हणाल तर शाफई कोकणी घरात तो वादच नाही. हनफी घरात दोन मतं आहेत, ज्याने त्याने ठरवावं.

पण या विचारण्याला एक मर्यादा आहे आणि ती आपल्यालाच पाळायची आहे. प्रश्न पदार्थाबद्दल असावा, माणसाबद्दल नको.

जुलै 2024 मध्ये कावड यात्रेच्या मार्गावरच्या खाणावळींनी मालकांची आणि कामगारांची नावं बाहेर लावावीत, असे आदेश उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडात निघाले. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम स्थगिती दिली. कोणत्या प्रकारचं अन्न मिळतं ते लिहायला सांगता येईल, पण नावं लिहिण्याची सक्ती करता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. तेव्हा आपल्याला हायसं वाटलं होतं. मग तोच नियम आपल्या मोहल्ल्यातही लागू करायला हवा. "मालक आपला आहे का?", "आत स्वयंपाकी कोण आहे?", "त्यांच्या दुकानातून घेऊ नका" अशा गोष्टी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही फिरतात. पाटी लावा म्हणणारा आणि या चौकशा करणारा, दोघांना माहिती एकच हवी असते.

यावर कुणी म्हणेल, हलालमध्ये जबह करणारा कोण हे महत्त्वाचं असतंच. खरं आहे. पण तो प्रश्न मांसाचा आहे. ते कुठून आलं, कसं कापलं, हे पुरवठादाराच्या प्रमाणपत्रातून कळतं. मोमोच्या पाऱ्या दुमडणारा दार्जिलिंगचा मुलगा, टोपली आणून ठेवणारी ईशान्येची मुलगी आणि गल्ल्यावरचा मालक यांच्या धर्माशी त्याचा संबंध नाही.

महाराष्ट्राला हा भेद नव्याने शिकवायची गरज नाही. पेशवाईत कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने पुणे शहरात पाणी आणलं आणि ते हौदाहौदांत खेळवलं. त्याच शहरात 1868 साली जोतीराव फुल्यांना आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला. 1927 साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. भांडण पाणी स्वच्छ आहे की नाही यावर नव्हतंच, ते पाण्याला लागणाऱ्या हातावर होतं. म्हणूनच राज्यघटनेच्या 15व्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांचा धर्म आणि जातीच्या आधारे मज्जाव न होणारा प्रवेश स्पष्ट लिहिला गेला. त्या कलमाच्या आधाराने आपण त्या महागड्या टेबलावर बसतो. आत राबणाऱ्याची जात-धर्म विचारायला लागलो, तर आपण कोणाच्या बाजूला जाऊन बसलो ते ओळखावं.

अन्न माणसांसारखंच फिरतं आणि बदलतं. चिकन मंचुरियनचं श्रेय कोलकात्यात जन्मलेल्या चिनी वंशाच्या नेल्सन वाँग यांना दिलं जातं. 1975 च्या सुमारास मुंबईत त्यांनी आलं-लसूण-मिरचीला सोया सॉसची जोड दिली. चीनमध्येही शतकानुशतकं मुसलमान आहेत. ग्वांगडाँगची राजधानी ग्वांगजौ इथली हुआइशेंग मशीद तिथल्या सर्वांत जुन्या मशिदींपैकी एक मानली जाते. तिकडे हलाल खाणावळीवर 'छिंगचन' अशी पाटी असते. अर्थ, शुद्ध आणि खरं. बहुसंख्यांच्या आहाराच्या मधोमध राहून आपला आहार सांभाळणारे आपण पहिले नाही.

तेव्हा पुढच्या पार्टीत पोटदुखी नको. बुकिंग करणाऱ्याला आधीच सांगा, म्हणजे ऐनवेळी गोंधळ होत नाही. शेजारच्याच्या ताटात काय आहे त्यावर तोंड वाकडं करू नका. त्याचा आहार त्याचा. समाधान झालं तर मनसोक्त खा, नाही झालं तर भाज्यांची टोपली मागवा आणि गप्पांत मागे राहू नका. आणि निघताना वेटरचे आभार माना. आपल्या चार प्रश्नांसाठी आतबाहेर हेलपाटे त्यानेच घातलेले असतात.