अवयव प्रत्यारोपण : आधी घरात बोलूया



अवयव प्रत्यारोपणाला उर्दूत ‘आज़ा की पैवंदकारी’ म्हणतात. ‘पैवंद’ म्हणजे कपड्याला लावलेले ठिगळ आणि झाडावर बांधलेली कलमही. मराठीतल्या ‘प्रत्यारोपण’मध्येही ‘रोपण’ आहेच. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. गावरान आंब्याच्या रोपावर केशरची काडी बांधली की ती त्याच मुळांवर वाढते. शरीरात मात्र एक अडचण येते. बाहेरून आलेल्या अवयवाला शरीर परका समजते आणि त्याच्यावर हल्ला करते. म्हणून रक्तगट व इतर चाचण्या जुळवाव्या लागतात आणि रुग्णाला पुढे कायम औषधे घ्यावी लागतात.

हृदय, यकृत, मूत्रपिंड हे अवयव. डोळ्याचे पारपटल, त्वचा, हाडे, हृदयाच्या झडपा यांची गणना ऊतींमध्ये होते. मूत्रपिंड किंवा यकृताचा भाग जिवंत माणूस देऊ शकतो. हृदय किंवा पारपटल मृत्यूनंतरच घेतले जाते.

जिवंतपणी दिलेल्या अवयवाचे उदाहरण आपल्या लातूर जिल्ह्यातच आहे. रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांची मूत्रपिंडे निकामी झाली, तेव्हा १९९५ मध्ये त्यांच्या आईने त्यांना आपले एक मूत्रपिंड दिले. त्यानंतर डॉक्टरसाहेबांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काम करताना मोतीबिंदूच्या एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका खेड्यातल्या आईच्या मूत्रपिंडामुळे किती घरांत उजेड आला, याचा हिशेब कोण करणार!

आईने स्वतःहून दिले, यात त्या दानाचा मान आहे. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त असतात. म्हणून घरात अशी वेळ आली तर सुनेला, बहिणीला एकटीला विचारा, आणि तिला ‘नाही’ म्हणता येईल असे विचारा. विक्रीला तर शरीअतमध्येही जागा नाही आणि कायद्यातही नाही. १९९४ च्या कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार अवयवांच्या खरेदी-विक्रीला पाच ते दहा वर्षे कैद आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड आहे.

आता अवघड प्रश्नाकडे येऊ. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्यात ब्रेन-डेड घोषित झालेल्या एका स्त्रीचे हृदय मुंबईत मुलुंडच्या रुग्णालयात आणून एका २२ वर्षांच्या मुस्लिम तरुणाला बसवण्यात आले. १९६८ मध्ये के.ई.एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी देशातला हृदय प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केला होता, पण तो रुग्ण काही तासच जगला. २०१५ च्या बातमीने आपल्या घरांतही आनंद झाला असेल आणि दुआ निघाली असेल. पण आपला मुलगा जगावा म्हणून आपण दुसऱ्या कुटुंबाचे दान घेतो, तर द्यायची वेळ आपल्यावर आली की आपले उत्तर काय असेल?

या प्रश्नावर आलिमांमध्ये मतभेद आहेत आणि ते लपवण्याचे कारण नाही. इस्लामी देशांच्या संघटनेच्या फिक्ह अकादमीने फेब्रुवारी १९८८ मध्ये जेद्दाह येथे ठराव केला. ज्याच्यावर दुसऱ्याचे प्राण किंवा शरीराचे मूलभूत कार्य अवलंबून आहे, असा मृताचा अवयव घेणे जायज आहे, मात्र त्याला मृताची हयातीत किंवा नंतर वारसांची परवानगी हवी, असे त्यात म्हटले आहे. दुसरीकडे आपल्याकडचे अनेक मुफ्ती, विशेषतः देवबंद परंपरेतले, मृत्यूनंतरच्या दानाला परवानगी देत नाहीत. देह अल्लाहची अमानत आहे, आपण त्याचे मालक नाही, आणि मय्यतीचा मान जिवंत माणसाइतकाच राखला पाहिजे, असे ते सांगतात. एक जीव वाचवण्याला सूरह माइदाच्या ३२ व्या आयतीत दिलेला दर्जा दोन्ही बाजूंना मान्य आहे. दोन्ही बाजू अल्लाहच्या भीतीनेच बोलतात, हे ध्यानात ठेवून आपण विचारावे.

विचारण्याआधी दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात. पहिली, ब्रेन-डेड म्हणजे कोमा नव्हे. कोमातला माणूस जिवंत असतो आणि कधी शुद्धीवरही येतो. ब्रेन-डेडमध्ये मेंदूचे काम कायमचे थांबलेले असते आणि श्वास फक्त यंत्रावर चालतो. चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून हे ठरवते. दुसरी गोष्ट, नेत्रदानासाठी ब्रेन-डेड असावे लागत नाही. घरी मृत्यू झाला तरी साधारण सहा तासांत पारपटल घेता येते. चष्मा असला किंवा मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले असले तरी चालते. चेहरा विद्रूप होत नाही. हे काम थोड्या वेळाचे असते, त्यामुळे वेळेवर कळवले तर दफनाला उशीर होण्याचे कारण नाही.

मराठवाड्यासाठी अवयव वाटपाचे समन्वय केंद्र औरंगाबादेत आहे. पण आमच्या मते पहिले केंद्र आपले घर आहे. अपघाताची बातमी येते, नांदेडच्या किंवा लातूरच्या दवाखान्यात नातेवाईक जमतात, आणि डॉक्टर विचारतात तेव्हा हातात काही तासच असतात. रडणाऱ्या आईला त्या वेळी फतवे शोधता येत नाहीत. मृताच्या मनात काय होते हे कोणालाच ठाऊक नसले, तर मग भाऊ-भाऊ भांडतात आणि ते भांडण चाळिसाव्यापर्यंत मिटत नाही.

म्हणून एका जुम्याला जेवणानंतर घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसावे. दहावीच्या मुलाला त्याच्या विज्ञानाच्या पुस्तकातला अवयव प्रत्यारोपणाचा भाग मोठ्याने वाचायला सांगावा. ज्यांच्या इल्मवर भरवसा आहे त्या आलिमसाहेबांना विचारावे, शंका असेल तर डॉक्टरांनाही विचारावे. मग आपली इच्छा, होकार असो की नकार, घरच्यांना स्पष्ट सांगावी आणि लिहून ठेवावी. नकार देणाऱ्यालाही त्यामुळे आपल्या माणसांवरचे ओझे हलके करता येईल.

अल्लाह तआला आपल्याला योग्य समज देवो आणि प्रत्येक आजाऱ्याला शिफा देवो. आमीन.