वाचता येते, पण कळते काय?

ग्रामीण मुलांच्या वाचनाची पाहणी करणारा ‘असर’चा अहवाल आला की दोन दिवस वर्तमानपत्रांतून हळहळ व्यक्त होते आणि तिसऱ्या दिवशी सारे कसे शांत शांत! २०२४ च्या पाहणीप्रमाणे देशातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या शंभर मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले जेमतेम २३. पाचवीत हीच संख्या ४५ च्या आसपास. २०२२ च्या तुलनेत ही सुधारणा आहे, असे सांगितले जाते आणि ते खोटे नाही. जी मुले वाचू शकत नाहीत त्यांच्याविषयी बरेच बोलले जाते. आम्हाला आज बोलायचे आहे ते ज्यांना ‘वाचता येते’ असे आपण समजतो त्यांच्याविषयी. ‘असर’च्या मूळ चाचणीत मूल अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट मोठ्याने वाचते की नाही, हे पाहतात. जे वाचले ते त्याला कळले काय, हा प्रश्न पुढे उरतोच.

आमच्या वाचकांनी एक प्रयोग घरी करून पाहावा. मुलाला एक वाक्य लिहून द्या : ‘टिंबू सकाळी झरकुटात भुंगळला.’ आता विचारा, कोण भुंगळला? टिंबू. केव्हा भुंगळला? सकाळी. कोठे भुंगळला? झरकुटात. तिन्ही उत्तरे बरोबर, पैकीच्या पैकी गुण! या वाक्याला काडीचाही अर्थ नाही, हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही. आता त्याच मुलाच्या वहीतला स्वाध्याय काढून पाहा. एका वाक्यात उत्तरे लिहा, रिकाम्या जागा भरा, कोण कोणास म्हणाले. धड्यातली ओळ शोधायची आणि जशीच्या तशी उतरवायची. जेथे ओळ सापडत नाही तेथे गाईड आहेच, किंवा बाई फळ्यावर लिहून देतात. वर्षानुवर्षे आम्ही यालाच आकलन म्हणत आलो. पाठ्यपुस्तकांत आता ‘विचार करा’, ‘तुमच्या शब्दांत सांगा’ असे प्रश्न येऊ लागले आहेत, हे आम्हाला ठाऊक आहे. परंतु त्यांचीही उत्तरे फळ्यावर लिहून दिली जात असतील तर प्रश्न बदलून काय उपयोग?

हा प्रश्न नवा नाही. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई विधिमंडळात शिक्षणावरील खर्चाच्या चर्चेत बोलताना बाबासाहेबांनी नेमके यावरच बोट ठेवले होते. प्राथमिक शाळेत शिरलेले प्रत्येक मूल साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे आणि पुढे आयुष्यभर साक्षर राहिले पाहिजे, हा प्राथमिक शिक्षणाचा हेतू त्यांनी मांडला. आणि सरकारी आकड्यांवरून दाखवून दिले की शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेच्या खाईत जातात. त्यांच्यावर केलेला खर्च वाया गेला, असा त्याचा अर्थ होता. आज गळती पुष्कळ कमी झाली आहे. आमची मुले चौथी, पाचवी, आठवीपर्यंत हजेरीपटावर आहेत. पण १९२७ सालचे ते ८२ शाळेबाहेर दिसत तरी होते. आजचे आकलनाविना राहिलेले मूल वर्गातच बसलेले असते, उत्तीर्ण होत असते आणि म्हणून कोणाला दिसत नाही. सहावीत गणिताचे शाब्दिक उदाहरण आले की ते अडते. बाई म्हणतात, याचे गणित कच्चे. पुष्कळदा गणित पक्के असते. उदाहरणातले वाक्य त्याला कळलेले नसते. पुढे हेच मूल मोठे होऊन कर्जाच्या कागदावर सही करते. बापाने अंगठा उठवला, पोराने सही केली. कागदात काय होते ते दोघांनाही कळले नाही.

केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ सुरू केले. त्यात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असे लक्ष्य आहे. ‘अर्थासह’ हा शब्द तेथे आहे, आम्ही तो नाकारत नाही. पण प्रत्यक्षात काय मोजणे सोपे? शब्द घड्याळ लावून मोजता येतात. अर्थ मोजायचा तर मुलाजवळ बसावे लागते, त्याचे ऐकून घ्यावे लागते. वेगाला महत्त्व नाही असे मुळीच नाही. जे मूल एकेक अक्षर जुळवत वाक्याच्या शेवटाला पोहोचते, ते तोवर सुरुवात विसरलेले असते. म्हणून सुलभ वाचन हवेच. मात्र ते दार आहे, घर नव्हे.

आणि विचारणे म्हणजे शिकवणे नव्हे. अमेरिकेत डोलोरेस डर्किन या अभ्यासक बाईंनी चौथीच्या वर्गांत बसून वाचनाच्या ४,४६९ मिनिटांची नोंद केली. त्यांपैकी मजकूर समजून कसा घ्यावा हे प्रत्यक्ष शिकवण्यात गेलेली मिनिटे होती अवघी २०. बाकी वेळ प्रश्न विचारणे, उत्तरे तपासणे, स्वाध्याय सोडवून घेणे यात गेला. हा निष्कर्ष १९७० च्या दशकाच्या शेवटी प्रसिद्ध झाला. संपन्न देशातल्या शाळांची ही गत. आमच्याकडे कोणी घड्याळ घेऊन बसले तर काय हाती लागेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

मग शिकवायचे कसे? त्याला टॅबही लागत नाही आणि ‘ॲप’ही लागत नाही. एक लहानसा उतारा घ्या : ‘रात्रभर पाऊस कोसळत होता. सखूच्या आईने घरात जागोजागी भांडी मांडली. सखूला झोप लागली नाही.’ आता विचारा, आईने भांडी का मांडली? उत्तर उताऱ्यात कोठेही लिहिलेले नाही. शोधून उतरवता येणार नाही. छप्पर गळत होते, हे मुलाला दोन वाक्यांच्या मधल्या जागेतून काढावे लागते. शिक्षकाने प्रथम स्वतः मोठ्याने विचार करून दाखवावा : ‘पाऊस बाहेर आहे, भांडी घरात आहेत, मग पाणी आत कसे आले?’ नंतर मुलांना तसे करू द्यावे. पुढे काय होईल याचा अंदाज करा, अडलेला शब्द सांगा, तीन वाक्यांचे एक वाक्य करा, उताऱ्यावर तुम्हीच मला प्रश्न विचारा. रोज पंधरा-वीस मिनिटे, एकच उतारा, घाई न करता. मूल चुकले तर ‘असे तुला का वाटले?’ एवढे विचारावे. बहुतेक वेळा चूक कोठे झाली ते त्याचे त्यालाच सापडते.

या उताऱ्यातली आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. वस्तीतल्या पोराला हा उतारा पटकन कळेल. सिमेंटच्या इमारतीत वाढलेले मूल विचारील, भांडी कशाला मांडली? म्हणजे समजणे हे केवळ बुद्धीचे काम नाही. जे वाचतो त्याचे थोडे तरी ज्ञान आधी गाठीशी असावे लागते. आता उलट विचार करा. पिढ्यान् पिढ्या धड्यांतले घर कोणाचे, सण कोणाचे, जेवणाचे ताट कोणाचे, बोलणे कोणाचे? त्या धड्यात पाय ठेवताना आमच्या मुलाला दुप्पट चढण चढावी लागली आणि वर ‘याला समजत नाही’ असा शिक्काही त्याच्याच कपाळी बसला. मेळघाटातले कोरकू बोलणारे मूल, गडचिरोलीतले गोंडी बोलणारे, तांड्यावरचे गोरबोली बोलणारे, यांच्यासाठी तर प्रमाण मराठी ही जवळजवळ परकी भाषाच. ‘व्हता’ म्हटले म्हणून हसणाऱ्या वर्गात मूल अर्थ सांगायला तोंड उघडील कशाला? ते गप्प बसते, आणि गप्प बसलेल्याला कळले की नाही हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही! (असलाच तर.) जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे कष्टकऱ्यांच्या मुलांत मिसळणारे, त्यांच्यातलेच शिक्षक मागितले होते, ते उगीच नव्हे.

आणि संधी मिळाली तर ही मुले काय करतात, याचा पुरावा १८५५ सालचा आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाई या मातंग समाजातील विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध त्या वर्षी ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, हा त्या मुलीचा सवाल होता. हा सवाल धड्यातली ओळ उतरवून काढणाऱ्याला सुचत नाही.

शिक्षकांना दोष देऊन मोकळे व्हायचे आम्हाला नाही. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत पट ६० पर्यंत असेल तर शिक्षक दोन. म्हणजे दोघांनी पाच वर्ग सांभाळायचे. त्यात निवडणुका, जनगणना कायद्यानेच मान्य, आणि त्यापलीकडची माहिती भरण्याची कामे वेगळी. त्याच कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत गोष्टीच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे, असे लिहिले आहे. किती शाळांत ते कपाटात कुलूपबंद आहे? पुस्तक फाटेल म्हणून मुलाला न देणारी शाळा फाटक्या पुस्तकापेक्षा महाग पडते. शाळा व्यवस्थापन समितीत पालक बहुसंख्य असतात. कुलपाची किल्ली मागण्याचा अधिकार त्यांनी वापरलाच पाहिजे.

थोडे आमच्या घरचेही बोलू. सकाळच्या परिपाठात आमची मुले संविधानाची उद्देशिका खड्या आवाजात म्हणतात आणि आमची छाती भरून येते. त्याच मुलांना ‘दर्जाची व संधीची समानता’ म्हणजे काय, असे आपण कधी विचारले आहे काय? पाठांतराच्या बळावर ज्यांनी हजारो वर्षे अर्थ स्वतःच्या मुठीत ठेवला त्यांच्याशी आमचे भांडण. आणि आमच्या मुलांनी उद्देशिका मंत्रासारखी म्हणावी, हे कसे चालेल? चौथीच्या मुलाला विचारावे : तुमच्या वर्गात पुढच्या बाकावर रोज तेच बसतात, ही संधीची समानता आहे काय? मग बघा ते कसे बोलते.

गावोगावी बुद्धविहारे आहेत. संध्याकाळी ती तास-दोन तास तरी रिकामी असतात. महाविद्यालयात शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींपैकी दोघांनी-चौघांनी आठवड्यातून तीन दिवस तेथे बसावे, दहा-बारा लहानग्यांना जवळ घ्यावे, एक गोष्ट किंवा वर्तमानपत्रातली एक बातमी वाचावी आणि विचारावे : यात कोणाचे म्हणणे आले आहे, कोणाचे आलेले नाही? जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग लहान मुलांच्या पुस्तकांसाठी बाजूला काढता येईल. डीजेचा एक तास कमी केला तर किती पुस्तके येतात, हा हिशेब मंडळांच्या कार्यकर्त्यांनी येत्या बैठकीत मांडावा, आणि तो मांडताना चौथी-पाचवीच्या मुलांनाही बसवून घ्यावे. गणित शाब्दिक आहे.