एकशे बारा की एकशे अकरा?

पेटीवाल्याला दोन हात पुरत नाहीत, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. आमचे एक मामा हौशी संगीत नाटकांतून ऑर्गन वाजवीत. पाय भात्यावर, हात पट्ट्यांवर, आणि पद रंगात आले की डावा हात झटकन वर जाऊन समोरची एखादी खुंटी ओढी. त्याच पट्ट्यांतून मग निराळाच भारदस्त आवाज निघे. ती खुंटी मामांनी कधी डोळ्यांनी पाहिली असेल असे मला वाटत नाही. अंधारातही हात बरोबर तिच्यावर जाई.

मामांची आठवण होण्याचे कारण आमचा पुतण्या. हा ऑर्केस्ट्रात सिंथेसायझर वाजवतो. सोलापुरातला ऑर्केस्ट्रा म्हणजे काय, हे बाहेरगावच्या वाचकांना सांगितलेच पाहिजे. या गावात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा एकाच बोळात नांदतात. तेव्हा एका रात्रीत लावणी, कन्नड भावगीत, तेलुगू सिनेमातले गाणे आणि शेवटी एखादी कव्वाली, एवढे सगळे व्हावे लागते. लावणीच्या तुकड्याला हार्मोनियम, भावगीताला बासरी, सिनेमाच्या गाण्याला व्हायोलिनचा ताफा. पूर्वी त्याला दहा माणसे लागत. आता हा एकटा पोरगा दोन पेट्या मांडून बसतो. (दहा जणांची बिदागी एकट्याला मिळते, असे मात्र कोणी समजू नये.)

गेल्या लग्नसराईत पूर्वभागातल्या एका मंगल कार्यालयात त्याचा कार्यक्रम होता. मुलीचे वडील यंत्रमागावर चादरी विणून वर आलेले गृहस्थ. त्यांचे मागणे एकच : मुलगी मांडवात पाऊल टाकील तेव्हा सनई वाजली पाहिजे. पुतण्याने या खेपेस पेट्यांना एक छोटा संगणक जोडला होता. प्रत्येक गाण्याचे आवाज त्यात आधीच लिहून ठेवलेले. पायाने कळ दाबली की आवाज आपोआप बदलणार. मुलगी दारात आली. याने कळ दाबली, पहिला सूर लावला, आणि मांडवभर किणकिण सुरू झाली. आइस्क्रीमची गाडी दारात आली असे वाटून चार पोरे बाहेर धावली!

त्याने हाताने सनई शोधून काढली, पण तोवर मुलगी बोहल्याजवळ पोहोचली होती. वडील काही बोलले नाहीत. व्यवस्थापकांनी मात्र बिदागी निम्मी केली, आणि पुढच्या महिन्याच्या दोन तारखा दुसऱ्याला देऊन टाकल्या.

रात्री एक वाजता हा माझ्यापुढे येऊन बसला. “काका, मी एकशे बाराच लिहिले होते हो!”

मग दोघांनी मिळून चूक शोधली. वाद्यांनी एकमेकांशी बोलण्याची मिडी नावाची सांकेतिक भाषा १९८३ साली आली. तिच्यात आवाजाचा अनुक्रमांक शून्यापासून एकशे सत्तावीसपर्यंतच असतो. पुढे १९९१ मध्ये आवाजांची एक सर्वमान्य यादी ठरली. तिच्यात सतार एकशे पाचवी, सनई एकशे बारावी, आणि शेवटी शेवटी हेलिकॉप्टर, टाळ्या आणि बंदुकीचा बारसुद्धा आहे. पण यादी मोजते एकापासून आणि तारेतून आकडा जातो शून्यापासून. कोणी संगणक ही वजाबाकी स्वतः करतो, कोणी करत नाही. याच्या संगणकाने एकशे बारा जसेच्या तसे पाठवले. पेटीने त्याचा अर्थ एकशे तेरा असा घेतला. एकशे तेरावर बसल्या आहेत घंट्या.

एवढ्यावरही भागत नाही. आजच्या पेट्यांत आवाज शेकड्यांनी असतात, म्हणून ते गटागटांनी ठेवतात. आधी गटाचा आकडा पाठवायचा, मग आवाजाचा. क्रम उलटला की जुन्याच गटातला त्या क्रमांकाचा आवाज हजर. शिवाय पट्टी दाबलेली असताना आवाज बदलला, तर काही पेट्यांत वाजता सूर मध्येच तुटतो.

विजेच्या पेटीतून देशी वाद्य काढण्याचा खेळ आपल्याकडे जुनाच आहे. १९५४ सालच्या ‘नागिन’मधल्या बिनेवर सारा देश डोलला, ती कल्याणजींनी क्लॅव्हायोलिनवर वाजवली होती. १९८२ साली चरणजित सिंग यांनी जुपिटर-८ आणि तिच्या जोडीची यंत्रे घेऊन दहा रागांची तबकडी काढली. पण ही कामे ध्वनिमुद्रणाची. बिघडले तर पुन्हा वाजवता येते. मांडवात नवरी काही पुन्हा दारात जाऊन उभी राहत नाही. १९७० च्या मिनीमूगला तर स्मरणशक्तीच नव्हती. वादक खुंट्यांच्या जागा कागदावर काढून ठेवीत. १९७८ साली प्रॉफेट-५ आली आणि चाळीस आवाज लक्षात ठेवू लागली. आवाज जुळवण्याची चिंता कमी झाली. ऐन वेळी हवा तोच हाती येण्याची चिंता सुरू झाली.

माझे मत विचाराल तर पोराला आवाज कमी हवे होते. मी त्याला मामांच्या खुंट्यांची गोष्ट सांगितली. अख्ख्या कार्यक्रमाला तुला लागतात किती? मोजले तर बावीस भरले. मग आठवडाभर आम्ही एक वही केली. बावीस आवाज एकाच गटात, गाण्यांच्या क्रमाने. सनई आणि बासरी कायम वरच्या पेटीवर, कळ चुकली तरी हाताशी. बदल कडवे संपताच, गायकाच्या श्वासात करायचा. सूर लावण्याच्या क्षणाला नव्हे. आणि प्रत्येक आकडा कार्यक्रमाआधी कान लावून तपासायचा. वहीवर विसंबायचे नाही.

पुढच्या लग्नाला मी मागच्या खुर्चीवर जाऊन बसलो. माझ्या छातीत धडधडत होते, त्याच्या नसावे. सनई वेळेवर आली. कोणाच्या लक्षातही आले नाही, सगळे नवरीकडे बघत होते.

परवा वही पाहत होतो. तेविसावे घर कोरे, त्यापुढे पेन्सिलीने ‘सुंदरी’. सुंदरी म्हणजे सनईचे धाकटे भावंड, सोलापूरच्या जाधव घराण्याने जपलेले. त्या एकशे अठ्ठावीसांत तिला जागा नाही. पोरगा सनईचाच आवाज चढवून, फुंक बारीक करून पाहतो आहे.

“जमली का रे?” मी विचारले.

“नाही काका. सनईच वाटते अजून.”

घर कोरेच आहे.