शेती पाहिजे, शेतकरी नको

गेले दोन महिने या जागेवर सिनेमाबद्दल एक अक्षर लिहिले नाही, म्हणून काही वाचक भगिनींनी टोकले आहे. टोकणे रास्त आहे. पण सोयाबीनची रास, त्यात भिजलेले दाणे वाळत घालण्याची घाई, मग हरभऱ्याची पेरणी. या धबडग्यात सिनेमा बघायचा कधी आणि त्यावर लिहायचे कधी? आता जरा हात रिकामा झाला. तीन सिनेमे पाहिले. त्यातला एक 'दशावतार', 2025 सालचा, कोकणातला. दिलीप प्रभावळकरांनी वयाची ऐंशी ओलांडल्यावर त्यात जे काम केले आहे, ते पाहून आमच्या मालकांनी कंबरदुखीचे गाऱ्हाणे आठ दिवस बंद ठेवले. त्याबद्दल एवढेच पुरे.

उरलेले दोन मात्र अजून डोक्यातून जात नाहीत. दोन्ही शेतकऱ्याच्या घरातले आणि दोन्हींत लग्न अडून बसलेले. पहिला 'पाणी', दुसरा 'स्थळ'. पहिला पाहून मी रडले आणि दुसरा पाहून मला राग आला. आठ दिवसांनी विचार केला तेव्हा राग कुणाचा आला होता ते कळले. पण ते पुढे सांगते.

'पाणी' ही आपल्या नांदेड जिल्ह्यातली, लोहा तालुक्यातल्या नागदरवाडीची गोष्ट. रचलेली नव्हे, घडलेली. हनुमंत केंद्रे नावाचा तरुण. गावात पाणी नाही म्हणून या गावात लेक द्यायला कोणी तयार नाही. त्याला पसंत पडलेली सुवर्णा, तिच्या घरचेही पाण्याचे नाव काढून मागे सरतात. तेव्हा हा गडी गावात पाणी आणायचेच असे मनावर घेतो. सिनेमा काढला आदिनाथ कोठारे यांनी आणि हनुमंतही तेच झाले आहेत. 1994 सालचा 'माझा छकुला' ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्यातले पोर आठवेल. तेच हे, महेश कोठारे यांचे चिरंजीव. सुवर्णा झाली आहे ऋचा वैद्य. 2019 सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरणाचा सर्वोत्तम चित्रपट म्हणून याची निवड झाली आणि चित्रपटगृहात तो लागला 18 ऑक्टोबर 2024 ला. नाव आधी जाहीर आणि माल मागून, ही रीत फक्त आपल्या पीकविम्याची असे मी समजत होते.

आमचे गाव अहमदपूर आणि लोहा यांच्या मधल्या पट्ट्यातले. घर लातूर जिल्ह्यात, निम्मे सोयरे नांदेड जिल्ह्यात. त्यामुळे पडद्यावर ते माळ, ते मुरमाड उतार आणि आपल्याकडची बोली आली, की अनोळखी गावात अचानक माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले. सिनेमाचा पहिला अर्धा भाग मला फार आवडला. पाण्यापायी माणसाची इज्जत कशी जाते ते त्यात नीट दाखवले आहे. लोक म्हणतात तहान वाईट. तहान वाईट खरीच, पण पाहुणा आला असता तांब्या अर्धा भरून द्यावा लागतो ना, ते जास्त वाईट.

हे ज्याला पटत नसेल त्याने 2016 चा उन्हाळा आठवावा. मांजरा धरण कोरडे पडले होते. लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी करायला बंदी घातली होती. मिरजेहून रेल्वेने पाणी आणले. 12 एप्रिल 2016 ला पहिली गाडी आली, दहा डब्यांची, पाच लाख लिटरची. लोक ती बघायला स्टेशनवर गेले. आमच्या लातूरच्या नणंदेने त्या साली लग्नपत्रिकेबरोबर निरोप धाडला होता, 'येताना एक घागर भरून आणा'. मंडळी, थट्टेने नाही, खरोखर. आम्ही जीपमध्ये दोन घागरी घालून लग्नाला गेलो. आहेराच्या साडीपेक्षा त्या घागरींचे कौतुक जास्त झाले.

सिनेमाचा दुसरा अर्धा मात्र मला जरा सोपा वाटला. पाणलोटाचे काम काय असते ते तुम्हाला ठाऊक आहे. डोंगराच्या माथ्यापासून सुरुवात करायची, उताराला आडवे समतल चर खणायचे, नाल्यांना बांध घालायचे. पाऊस धावत सुटतो, त्याला चालायला लावायचे, चालत्याला थांबवायचे आणि थांबलेल्याला मुरवायचे. मग खालच्या विहिरींना पाझर फुटतो. सांगायला चार ओळी. पण चर खणणे हे त्यातले हलके काम. जड काम म्हणजे चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. आमच्या शिवारात हे काम झाले तेव्हा एका शेळीवरून भावकीत वर्षभर अबोला होता. शेळी मेली, अबोला राहिला. सिनेमातले तंटे जरा लवकर मिटतात. आमच्या मालकांचे म्हणणे, 'दोन तासांत गावाला पाणी आणायचं म्हणल्यावर दुसरं काय करतील?' तेही खरे.

आणखी एक गंमत. आम्ही हा सिनेमा पाहिला तेव्हा 2025 च्या पावसाळ्याचा चिखल अजून अंगणातून हलला नव्हता. त्या साली ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात गावांत पाणी शिरले, सप्टेंबरात सगळ्या मराठवाड्याचे सोयाबीन झोपले. शेजारची म्हातारी दारात उभी राहून थोडा वेळ बघत होती. म्हणाली, 'बाई, पाण्यासाठी रडायलेत व्हय हे? आमच्याकडचं घिऊन जा म्हणावं.'

पण मी रडले ते पाण्यावर नव्हे. माझा धाकटा एकतीस वर्षांचा आहे. नऊ एकर जमीन, एक विहीर, एक चालू बोअर, एक कोरडे. शेतीची पदविका घेतली आहे. तंबाखूसुद्धा खात नाही. आणि चार वर्षांत पाच ठिकाणांहून नकार आलेला आहे. एका पाहुण्याची तऱ्हा सांगते. विचारले, शेती किती? नऊ एकर म्हणताच मान डोलावली. मुलगा काय करतो? शेती. डोलणारी मान तिथेच थांबली. म्हणजे शेती पाहिजे, पण शेतकरी नको. पुण्याला कंपनीत बारा हजारांवर हंगामी कामाला असलेला चालतो, खोली भाड्याची असली तरी चालते. इथे सात खणांचे घर आहे, दारात म्हैस आहे, ते चालत नाही. तर हनुमंताला नकार आला तेव्हा मला पडद्यावर माझाच पोरगा दिसला. हा सिनेमा माझ्या बाजूने बोलत होता. कोण रडणार नाही?

आता 'स्थळ'. जयंत सोमलकर यांचा सिनेमा. 7 मार्च 2025 ला लागला. त्याआधी 2023 मध्ये परदेशात टोरांटोच्या महोत्सवात त्याला बक्षीस मिळाले होते. गोष्ट विदर्भातल्या डोंगरगावची. सविता नावाची मुलगी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, समाजशास्त्र शिकते, पुढे स्पर्धा परीक्षा द्यायचे मनात आहे. बाप कापूस पिकवणारा. कापसाला भाव नाही आणि पोरीचे जमत नाही, हे दोन घोर त्याच्या उशाला. नंदिनी चिकटे या मुलीने सविता केली आहे. ती नटी वाटतच नाही, आपल्या गल्लीतून दप्तर घेऊन जाणारी वाटते. बाकीची माणसेही तिथल्या गावांतलीच घेतली आहेत, म्हणून कुणाचा चेहरा रंगवलेला दिसत नाही.

सुरुवातच मोठी नामी आहे. बायका पोरगा बघायला आल्या आहेत आणि तो मान खाली घालून बसला आहे! आमच्या घरात हशा पिकला. पण ते सविताचे स्वप्न निघते. मग खरे पाहुणे येतात. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, शेतातले काम येते का. ती उत्तरे देते. नकार येतो, रंग सावळा, उंची कमी. पुन्हा पाहुणे, पुन्हा तेच प्रश्न, तीच उत्तरे. पुन्हा. हा सिनेमा तुम्हाला कंटाळा आणतो, आणि मुद्दाम आणतो. तिसऱ्या वेळी आपल्याला वाटते, आता पुरे करा की. मग ध्यानात येते, आपल्याला तीन वेळा बघवत नाही, पोरीला किती वेळा बसावे लागत असेल?

हे मात्र मला नंतर सुचले. बघताना मी काय म्हणाले ते प्रामाणिकपणे सांगते. त्या सिनेमात बघायला येणारे सगळे पुरुष. बायका दाराआडून डोकावणाऱ्या. मी म्हणाले, 'ही तिकडची रीत. आपल्याकडं बाया जातात बघायला, आपलं तसं नसतं.'

माझी पुतणी शेजारी शेंगा फोडत बसली होती. धाकट्या जाऊबाईंची लेक, बावीस वर्षांची. तिचेही बघायचे कार्यक्रम चालू आहेत, दोन झाले. ती मान वर न करता म्हणाली, 'मोठ्याई, मागच्या महिन्यात तू उदगीरकडं गेलतीस, तिथं त्या पोरीला काय काय इचारलीस?'

'काय विचारणार? नाव, शिक्षण, कामाधंद्याचं.'

'उंची?'

मी गप्प बसले. सून भाकरी थापता थापता थांबली. थापण्याचा आवाज बंद झाला म्हणून कळले की तीही ऐकते आहे.

मंडळी, उंची मी विचारली होती. एवढेच नाही. 'बाळ, तुळशीला पाणी घालून ये' म्हणाले होते, चाल बघायला. पोरगी उठली, तुळशीला पाणी घातले, परत येऊन बसली. तिला ठाऊक होते पाणी कशाला घालायला सांगितले ते. तुळस सकाळीच भिजलेली होती. तिच्या टाचांना भेगा होत्या, त्या मी पाहिल्या आणि घरी येऊन बोलूनही दाखवल्या. माझ्या टाचांना चाळीस वर्षांच्या भेगा आहेत, त्यांचे काही नाही. 'पोरगी कामाची आहे, पण रंगानं जरा...' असे म्हणून आम्ही दोन दिवस विचारात काढले. तिसऱ्या दिवशी त्यांचाच निरोप आला, मुलगा शेतीत आहे म्हणून जमणार नाही. मी त्या निरोपावर केवढी बोलले! शेतकऱ्याच्या पोराची किंमत नाही, जमाना बुडाला, वगैरे. पोरीच्या बापाने सांगितले की पोरीने स्वतः नको म्हटले, याची कुणाला खबर आहे, तुळशीचे पाणी कारण असेल की नसेल.

तर राग आला होता तो सिनेमाचा नव्हता.

लग्न झाल्याच्या पहिल्या साली माळेगावच्या जत्रेत तंबूत बसून मी 'पिंजरा' पाहिला होता. खाली माती, मध्ये कनात, पलीकडे पुरुष. त्यात भाळलेला मास्तर बघून बाया हळहळल्या आणि पाल उतरायच्या आत विसरूनही गेल्या. सिनेमा मागे लागून घरापर्यंत येतो असे तेव्हा कधी झाले नाही. 'पाणी' बघून बरे वाटले. पुन्हा लागला तर पुन्हा बघेन, पोरांनाही दाखवेन. 'स्थळ' पुन्हा बघायची मला हौस नाही. पण दोन्हींतला चांगला कोणता असे विचाराल तर 'स्थळ'. शेवट सांगत नाही. एवढेच म्हणते की शेवटाला चुलीवर दूध ठेवून उठू नका.

घरात मात्र या सिनेमाने एक उद्योग लावून दिला आहे. चाकूरकडचे एक स्थळ आले आहे. मी मध्यस्थांना फोन करून सांगितले, आम्ही बघायला येत नाही, तुम्हीच पोरीला घेऊन या. तिने आमचे घर बघावे, विहीर बघावी, न्हाणी-संडास बघावा, कोरडे बोअर बघावे. प्रश्न तिने विचारायचे, उत्तरे माझा पोरगा देईल. मध्यस्थ बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, 'वैनी, तब्येत बरी हाय ना?' मालकही म्हणाले की लोक नाव ठेवतील. पुतणी तेवढी खूष आहे. तिने माझ्या पोराला एका कागदावर प्रश्न लिहून दिले आहेत आणि रोज रात्री जेवताना घोकून घेते. काल विचारत होती, 'पगार किती?' पोरगा म्हणाला, 'सोयाबीनच्या भावावर हाय.' 'उंची किती?' तर लाजला. एकतीस वर्षांचा बाप्या, लाजला!

परवा मध्यस्थांचा उलटा फोन आला. मुलगी यायला तयार आहे, वडील अजून का-कू करताहेत. तिने एक अट घातली आहे, सोबत तिची मैत्रीण येईल. मी हो म्हणून टाकले आहे. हरभऱ्याची पहिली कोळपणी झाली की बघू. काय होते ते कळवीनच. तोवर तुमच्यापैकी कुणी 'स्थळ' पाहिला असेल तर लिहा, आणि बघायच्या कार्यक्रमात तुम्ही काय विचारले होते तेही लिहा.