फसली १३५७ चं दप्तर

गेल्या दोन वर्षांत फुलंब्रीत जेवढे जुने कागद चाळले गेले, तेवढे त्याआधीच्या पन्नास वर्षांत चाळले गेले नसतील. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठा आरक्षणासाठी लागणाऱ्या कुणबी नोंदीच्या शोधात माणसं तहसीलच्या रेकॉर्ड रूमपासून शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरपर्यंत पोचली. मोडी वाचणाऱ्याला भाव आला. उर्दू जाणणारे निवृत्त गुरुजी, ज्यांना एरवी कुणी विचारत नव्हतं, त्यांच्या ओट्यावर रांगा लागल्या. आमचा तालुका तसा अलीकडचा, त्यामुळे गावांची जुनी दप्तरं शेजारच्या जुन्या तालुक्यांत विखुरलेली. कोण कुठल्या कचेरीत गेला, कोणाला खासरा पत्रक मिळालं, कोणाच्या बस्त्याला वाळवी लागली होती, हे बाजाराच्या दिवशीचं बोलणं झालं. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा शासन निर्णय निघाला आणि पुन्हा तोच शोध नव्यानं सुरू झाला.

या शोधाला आम्ही नाव ठेवत नाही. पोराबाळांच्या शिक्षण-नोकरीचा प्रश्न आहे. पण ज्या बस्त्यांतून आपण आजोबांची जात शोधली, त्याच बस्त्यांत, त्याच लिपीत आणि त्याच शिक्क्याखाली आजोबांवर काय बेतलं होतं तेही लिहिलेलं असण्याचा संभव आहे. ते मात्र कुणी मागितलं नाही. यंदाचा आमचा दिवाळी अंक त्या न मागितलेल्या कागदांविषयी आहे.

निजामी राज्याचा कारभार फसली सनानं चाले. त्या सनात ५९० मिळवले की इंग्रजी वर्ष निघतं, हे आता नोंद शोधणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजुर महिन्याला सुरू होई. म्हणजे फसली १३५७ हे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८ असं पडतं. कॅलेंडरनं मोठी गंमत केली आहे, तिला गंमत म्हणावं का हा प्रश्नच आहे. नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार, रझाकारांचा गावोगावचा उच्छाद, १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची पोलीस अ‍ॅक्शन आणि तिच्या पाठोपाठचे सुडाचे पहिले आठवडे, हे सगळं या एका वर्षात मावतं. वर्ष बदलण्याआधीच राज्य बदललं, आणि दप्तर मात्र तेच राहिलं.

जुनी माणसं आजही सन सांगत नाहीत. 'रझाकारात आम्ही खानदेशात होतो' असं म्हणतात. लातूरचा वकील कासिम रझवी याच्या संघटनेनं त्या वर्षी काय केलं, हे आपल्याकडे बऱ्यापैकी लिहिलं गेलं आहे. अनंत भालेरावांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ आहे. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू यांच्या चळवळीचं लेखन आहे. मनमाडचं केंद्र, सीमेवरच्या छावण्या, करोडगिरी नाक्यांवरचे हल्ले, ३० जानेवारी १९४८ ला उमरीच्या बँकेवर घातलेला छापा, हे शाळेतल्या मुलांनाही भाषणापुरतं माहीत असतं. ज्याची नोंद नाही ते म्हणजे गाव. चळवळीत नसलेला, झेंडा न फडकावलेला, नुसती वसुली देऊन जीव वाचवणारा शेतकरी. रात्रीतून गाडी जुंपून हद्दीबाहेर गेलेलं कुटुंब. आणि परत आल्यावर घराला दार नसलेलं पाहणारी बाई. पटवाऱ्यानं त्या साली पहाणीत पीक लिहिलं असेल, तर ते कुणी पेरलं आणि कुणी कापलं हा प्रश्न कुणाला पडला नाही.

आता जरा लांब जाऊ. सप्टेंबर १९४१ च्या २९ आणि ३० तारखेला युक्रेनमधल्या कीव शहराच्या कडेला बाबी यार नावाच्या घळीत जर्मन पथकांनी ३३,७७१ ज्यू माणसांना गोळ्या घालून मारलं. हा आकडा इतिहासकाराचा अंदाज नाही. मारणाऱ्यांनीच तो मोजून बर्लिनला कळवला होता. अशा अहवालांच्या फायली युद्धानंतर अमेरिकनांच्या हाती लागल्या. बेंजामिन फेरेन्झ हा तरुण वकील त्यांतल्या मृतांची बेरीज करत बसला आणि दहा लाखांच्या पुढे गेल्यावर थांबला. त्या कागदांवर न्यूरेंबर्गचा एक अख्खा खटला उभा राहिला. सरकारी वकील म्हणून फेरेन्झ उभा होता तेव्हा तो २७ वर्षांचा होता. निकाल लागला एप्रिल १९४८ मध्ये, म्हणजे आपल्या फसली १३५७ मध्येच.

युक्रेनमध्ये पुढे कागदांचं जे झालं ते आम्हाला जास्त महत्त्वाचं वाटतं. जर्मन हटल्यावर सोव्हिएत सरकारचा एक आयोग गावोगाव फिरला. तो १९४२ मध्येच नेमलेला होता. त्यानं जबान्या घेतल्या, खड्डे उकरले, याद्या केल्या. काम प्रचंड झालं. पण कीवच्या अहवालाचा मसुदा मॉस्कोला गेला तेव्हा त्यातले 'ज्यू' खोडले गेले आणि तिथे 'शांतताप्रिय सोव्हिएत नागरिक' आले. १९७६ मध्ये बाबी यारला स्मारक उभं राहिलं, त्यावरही मेलेल्यांची ती ओळख नव्हती. का मारले गेले हे सांगायचं नव्हतं, म्हणून कोण मारले गेले हे झाकलं. सोव्हिएत संघ फुटल्यावर हे कागद खुले झाले, त्यांच्या प्रती जेरुसलेमच्या याद वाशेममध्ये आणि वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात गेल्या. त्या जोरावर पात्रिक देबुआ या फ्रेंच पाद्र्यानं आपल्या सहकाऱ्यांना घेऊन २००४ पासून एक साधं काम केलं. एका हातात आयोगाचा कागद, दुसऱ्या हातात जर्मन कागद घेऊन ते युक्रेनच्या खेड्यांत गेले आणि तिथल्या म्हाताऱ्यांना विचारू लागले: तू कुठे उभा होतास? खड्डा कुणाकडून खणून घेतला? गाडी कुणाची होती? साठ वर्षं कुणी विचारलं नव्हतं, म्हणून ती माणसं बोलली नव्हती. विचारल्यावर बोलली. कित्येक खड्डे त्यांनीच दाखवले.

युक्रेनची आणि मराठवाड्याची तुलना आम्ही करत नाही. तिथे एक अख्खा समाज संपवण्याचा सरकारी बेत होता. इथे एक सरंजामी राज्य शेवटच्या घटका मोजत होतं, त्यानं मोकाट सोडलेल्या टोळ्या होत्या आणि त्यानंतर उसळलेला सूड होता. दोन्हीकडचे आकडे एका ओळीत मांडणं हा मेलेल्यांचा अपमान होईल. आम्हाला शेजारी ठेवायचे आहेत ते फक्त कागद: ते कोण लिहितं, कोण खोडतं आणि कोण कुलूप लावतं.

कुलपाचंच बोलू. पोलीस अ‍ॅक्शननंतर नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती केंद्र सरकारच्या सांगण्यावरून हैदराबाद राज्यात फिरली. तिनं १६ पैकी ९ जिल्हे पाहिले. रझाकारांनी गावागावावर महिन्याची रक्कम कशी बसवली होती, ती दिली नाही की लूट, जाळपोळ आणि खून कसे होत, हे समितीनं नोंदवलं. आणि मग पुढचं लिहिलं: रझाकार गेल्यावर सर्वसामान्य मुसलमानांवर जे झालं ते. संपूर्ण राज्यात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे तिनं सांगितले. औरंगाबाद, बीड, नलगोंडा आणि मेदक हे चार जिल्हे त्यांच्या मागोमाग येतात. या चारांत मिळून किमान ५ हजार माणसं गेली, असं समिती म्हणते. वल्लभभाई पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता. तो प्रसिद्ध झाला नाही. कित्येक दशकांनी त्याची प्रत दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात अभ्यासकांना पाहता येऊ लागली, आणि २०१३ मध्ये त्याची जाहीर चर्चा झाली.

आकड्यांवर वाद घालावा, जरूर घालावा. पण वाद घालायलाही कागद समोर असावा लागतो. १९४८ च्याच ऑगस्टमध्ये भारत सरकारनं हैदराबादवर श्वेतपत्रिका काढली होती. तिच्यात रझाकारांच्या अत्याचारांची जंत्री होती आणि ती छापून सगळीकडे वाटली गेली. म्हणजे फसली १३५७ चा पहिला मोठा भाग छापला गेला आणि उरलेले आठवडे कुलपात गेले. तेव्हापासून आपल्याकडे दोन प्रकारचे वक्ते तयार झाले. १७ सप्टेंबरला झेंड्याखाली बोलणारे पहिला भाग सांगून खाली बसतात. आणि सुंदरलाल अहवाल हातात घेऊन येणारे काही जण थेट शेवटच्या आठवड्यांपासून सुरुवात करतात, जणू त्याआधी गावात काही घडलंच नव्हतं. आमच्या मते दोघेही अर्धं दप्तर वाचतात. हैदराबादेत 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान याला ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी मारलं, कारण त्यानं भारतात सामील व्हा असं लिहिलं. या माणसाला कुठल्या अर्ध्यात बसवायचं? आणि शेजाऱ्याला कणगीत लपवून ठेवणारी जी माणसं दोन्ही बाजूंना होती, त्यांना?

कागद खोटेही असतात, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. बीड जिल्ह्यातल्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. पेन्शनसाठी भूमिगत असल्याची प्रमाणपत्रं तयार झाली, आणि ज्यानं खरोखर लाठी खाल्ली तो प्रमाणपत्र कुठून आणायचं म्हणून गप्प बसला. कागद नुसता जपून भागत नाही, त्याची उलटतपासणी लागते, आणि ती करायला साक्षीदार जिवंत लागतो.

इथेच घाई आहे. त्या वर्षी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीकडे झुकला आहे. शिवाय हे दप्तर एका जागी नाही. औरंगाबादच्या किले अर्कमधले मोगलकालीन कागद विसाव्या शतकातच हैदराबादेत नेले गेले होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याचे तीन तुकडे झाले आणि माणसांबरोबर फायलीही वाटल्या गेल्या. वरिष्ठ कचेऱ्यांचा पत्रव्यवहार हैदराबादच्या दफ्तरखान्यात, काही संभाजीनगरच्या पुराभिलेखात, काही तहसीलींत. खाली पोलीस पाटलाकडे आणि पटवाऱ्याच्या घरी काय राहिलं, ते देवाला ठाऊक. सप्टेंबर २०२५ मधल्या पावसानं मराठवाड्यातली पिकं नेली, घरं नेली. पत्र्याच्या पेट्यांत ठेवलेले कागद किती भिजले याचा पंचनामा कोण करतो?

या अंकासाठी आम्ही गावोगावच्या वयस्क माणसांकडे गेलो आणि देबुआच्या पद्धतीनं, म्हणजे मत न विचारता फक्त जागा, वस्तू आणि माणसं विचारत बसलो. घोड्यावर कोण आलं, धान्य कुठे पुरलं, विहिरीचं पाणी किती दिवस प्यायले नाहीत. हिंदू, मुसलमान, दलित, अशा सगळ्या वस्त्यांत विचारलं. दलित वस्त्यांतल्या आठवणी वाचकांनी विशेष काळजीनं वाचाव्यात. त्यांच्याकडे दोन्ही बाजूंनी वेठीला धरल्याचा हिशोब आहे आणि तो कुठल्याच उत्सवात मांडला जात नाही.

एक निर्णय आम्हाला जड गेला. ज्यांच्यावर लुटीचे किंवा खुनाचे आरोप या आठवणींत आले, त्यांची नावं आम्ही छापलेली नाहीत. त्यांची नातवंडं आज त्याच गल्लीत राहतात, एकाच शाळेच्या बाकावर बसतात, आणि आरोपाला उत्तर द्यायला आजोबा नाही. ध्वनिमुद्रणात मात्र नावं आहेत तशी ठेवली आहेत, एकही पुसलेलं नाही. मेलेला माणूस कोण होता, कुठल्या जातीधर्माचा होता आणि का मारला गेला, हे मात्र आम्ही छापलं आहे. ते झाकलं असतं, तर मॉस्कोतल्या त्या लेखणीत आणि आमच्यात फरक राहिला नसता.

अंक वाचून काहींना राग येईल. दोन्हीकडच्या काही मंडळींनी तो राग अंक छापायच्या आधीच कळवला आहे. त्यांचं लेखी उत्तर पुढच्या अंकात जसंच्या तसं छापू. एवढीच अट की उत्तरात गावाचं नाव हवं आणि पाहणारा किंवा ऐकणारा माणूस हवा.

वाचकांकडे दोन मागण्या आहेत. कुणबी नोंदीसाठी ज्यांनी दप्तरं उघडली, त्यांनी फसली १३५७ आणि १३५८ ची पानं दिसली तर त्यांचेही फोटो काढून ठेवावेत, स्वतःचं नाव त्यात असो वा नसो. आणि दिवाळीची झाडलोट करताना उर्दू-मोडीतला कागद वाचता येत नाही म्हणून रद्दीत घालू नये. वाचून देणारे गुरुजी अजून गावात आहेत.